काट्याला शीग नसते

तारीख १७ मार्च, गेल्या वर्षीची, सकाळचे अकरा. रक्कम चार हजार एकशे अठरा रुपये. हजर चौघे : माझ्याकडे तांदूळ निवडून पिशव्या भरणाऱ्या बाई, पोती हलवायला आलेले त्यांचे पती, वजन तपासायला बोलावलेले शेजारचे मुनीमजी आणि मी. पहिले तिघे मूल या आमच्या गावी, माझ्या घराच्या समोरच्या खोलीत होते. मी हुबळीला, बसस्थानकासमोरच्या एका लॉजवर होतो. मला त्यांनी तांदळाच्या पोत्याला, आमच्याकडे चुंगडी म्हणतात, टेकवून ठेवलं होतं, म्हणजे फोनला. त्यामुळे मला छताचा पंखा पूर्ण दिसत होता आणि माणसं अर्धी.

आधी धंद्याबद्दल सांगतो. गिरणीतून चांगला तांदूळ घ्यायचा, घरी निवडायचा, पाच-पाच किलोच्या पिशव्या भरायच्या आणि नागपूर, पुणे, इंदूर, बंगळूर इथल्या घरांना पाठवायच्या. मी बावीस वर्षं एका राइस मिलमध्ये हिशोब लिहीत होतो. धंदा मुळात बायकोने काढलेला. गिऱ्हाइकांशी बोलणं तिचं, भरणं तिचं, वहीत लिहिणं माझं. पुढे काम वाढलं तेव्हा तिने बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठच्या वस्तीतून एक बाई मदतीला आणल्या. त्यांचे पती बोडीत मासे धरतात. महिना सहा हजार ठरले. सहा वर्षं दोघी समोरासमोर पाट टाकून बसायच्या.

या प्रसंगाच्या आदल्या वर्षी, जानेवारीत, बायको गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत संपलं. नाटकांचा हंगाम होता, गावाबाहेर मंडप पडला होता, आणि आमच्या दारात बसलेल्या माणसांना लाउडस्पीकरवरची जाहिरात ऐकू येत होती. चौदाव्या दिवशी तिच्या साड्या वाटल्या. दोन साड्या बाईंना दिल्या.

नंतर घरात राहणं मला जमलं नाही. सकाळी सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज यायचा. मी स्वयंपाकघरातून उठून समोरच्या खोलीत यायचो. बाई पाखडत असायच्या. त्या बाईच आहेत हे मला उठण्याआधीच माहीत असायचं, तरी उठायचो. एका सकाळी मी किती वेळा उठलो ते मोजलं. नऊ वेळा. मार्च अखेरचा वार्षिक मेळ घातला, तो किलोपर्यंत जुळला, आणि मी निघालो. लोकांना तीर्थाटनाला जातो असं सांगितलं. दोन जोड कपडे, दोन फोन आणि एक वही. पुढच्या दीड वर्षात एकसष्ट गावांत राहिलो. कुठे तीन दिवस, कुठे दहा. नऊ दिवसांपुढे एका गावात राहिलो की तिथेही आवाज सुरू व्हायचे, हे माझ्या ध्यानात आलं होतं.

धंदा बंद करायचं कारण नव्हतं. ऑर्डरचा फोन माझ्याकडे असायचा. सकाळी मी यादी बाईंना पाठवायचो, त्या भरायच्या, दुपारी कुरिअरवाला येऊन घेऊन जायचा. गिरणीचे पैसे मी फोनवरून द्यायचो. निघण्याआधी समोरच्या खोलीत कोपऱ्यात एक कॅमेरा बसवला होता. संशय म्हणून नाही, बंद घराची काळजी म्हणून. खोलीत कुणी हललं की माझ्या फोनवर अक्षरं यायची : व्यक्ती दिसली.

त्या ऑर्डरच्या फोनबद्दल एक गोष्ट लिहिणं भाग आहे. त्यावर बायकोचा फोटो होता. गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना ती गेल्याचं ठाऊक नव्हतं. एकीने लिहिलं, 'नमस्कार वहिनी, दोन पिशव्या पाठवाल का?' मी उत्तर लिहिलं, 'पाठवते.' बोट आपोआप गेलं असं मी म्हणणार नाही. मी ते लिहिलं, पाहिलं आणि पाठवलं. नंतर सगळ्यांनाच तसं लिहू लागलो. पाठवते, बघते, कळवते. सणावाराला शुभेच्छा आल्या तर ती 'तुम्हालाही' म्हणून लिहायची. दिवसातून वीस-पंचवीस वेळा ती अशी जिवंत असायची, आणि मी कुठल्या तरी लॉजच्या पलंगावर बसून तिला जिवंत ठेवायचो. यात कुणाचं पैशाचं नुकसान नव्हतं. तरी हे मी कुणाला सांगितलं नाही, लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही नाही.

पहिल्या पावसाळ्यात मी पैठणला होतो. दुपारी फोन वाजला, व्यक्ती दिसली. उघडून पाहिलं. कॅमेरा वरून आणि पाठीमागून दाखवतो. पाटावर बायको बसली होती. तीच हिरवी, बारीक चौकड्यांची साडी, तसाच खांद्यावरून ओढलेला पदर, आणि पिशवी काट्यावरून उतरवून उजवा हात जरा आत वळवायची तीच सवय. मी फोन पालथा ठेवला. पाणी प्यालो. साडी कुणाला दिली होती हे मला माहीत होतं, चौदाव्या दिवसाच्या वाटपाची यादी माझ्याच हातची होती. तरी फोन परत सरळ करायला मला अर्धा तास लागला, आणि केला तेव्हा खोली रिकामी होती.

त्या दिवसापासून मी कॅमेरा उघडणं टाळलं. अक्षरं यायची, मी ती पुसून टाकायचो. माझ्या हातून झालेली पहिली चूक ही. ज्या गोष्टीवरून पुढे मी एका बाईला चोर ठरवलं, ती गोष्ट रोज त्या कॅमेऱ्यासमोर उघड्यावर होत होती.

आता मार्चचा मेळ. वर्षभरात गिरणीतून आलेला तांदूळ, निवडताना निघालेली कणी, म्हणजे तुकडा, वजा करून, बासष्ट क्विंटल. पिशव्या गेल्या अकराशे ऐंशी, म्हणजे एकोणसाठ क्विंटल. शिल्लक तीन क्विंटल हवी. मुनीमजींनी काट्यावर घालून सांगितली दोन क्विंटल एकोणतीस किलो. तूट एकाहत्तर किलो. खरेदी भाव अठ्ठावन्न रुपये. गुणाकार वर दिलाच आहे.

आदल्या दिवशी मी तो आकडा घेऊन बसलो होतो. एकाहत्तरला बाराने भागलं. महिन्याला सहा किलोच्या आसपास. चौघांच्या घरात आठवडाभर पुरेल इतका तांदूळ. बाईंच्या घरात माणसं चार. माझ्या दृष्टीने उत्तर आलं होतं. मी हिशोबात आयुष्य घालवलेला माणूस, मला महिन्यांनी भागायचं सुचलं, पिशव्यांनी भागायचं सुचलं नाही.

चुंगडीला टेकवलेल्या फोनमधून मी तूट वाचून दाखवली. विचारलं, "बाई, हा तांदूळ कुठे गेला?"

पडद्यावर त्यांचा खांदा आणि एक कान दिसत होता.

त्यांचे पती म्हणाले, "भाऊ, उंदीर-घुशी बी असतेत जी."

मुनीमजी हसले. "एकाहत्तर किलो खाणारी घूस असन त तिले सर्कशीत द्या. दिवसाले चार आण्याचं कुतरलं तरी पोत्याले भोक दिसते. इथी एकबी भोक नाई."

"बाई, मी तुम्हाला विचारतोय," मी म्हणालो.

"मी घरी नाई नेला जी," त्या म्हणाल्या.

"मग कुठे गेला?"

"घरी नाई नेला. एवढंच सांगतो."

"एवढ्यानं मेळ बसत नाही."

त्यांचे पती त्यांच्याकडे वळले. "सांगून टाक ना वो. काऊन गप बसून राह्यली? भाऊ काय फाशी देते काय?"

त्या त्यांच्यावरच खेकसल्या, "तुमी पोते उचलाले आले ना? उचला."

मग त्या फोनसमोर येऊन बसल्या. पहिल्यांदा त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. म्हणाल्या, "कापून घ्या पगारातून. एकदम नोका कापू. पाचशे-पाचशे कापा."

मी मान्य केलं. मनात म्हटलं, कबूल झाली. कामावरून काढलं नाही याबद्दल मला स्वतःविषयी थोडं बरंही वाटलं, हे लिहून ठेवतो. एप्रिलपासून पगार साडेपाच हजार जाऊ लागला.

आता चोरी झाल्यावर कॅमेरा पाहणं मला कर्तव्य वाटू लागलं. दुसऱ्याच दिवशी उघडला. बाईंनी पाट फिरवला होता. इतकी वर्षं त्या ज्या बाजूला तोंड करून बसायच्या, तिच्या उलट, कॅमेऱ्याकडे तोंड करून त्या बसल्या होत्या. पिशवी काट्यावर. काटा पाच किलोवर. मग दोन्ही हात वर, रिकामे, कॅमेऱ्याला दिसतील असे क्षणभर धरलेले. मग पिशवीचं तोंड बंद. पुढची पिशवी. दोन हात वर. बंद. ती हिरवी साडी त्यांनी पुन्हा नेसलेली मला दिसली नाही. समोरचा, बायकोचा पाट त्यांनी भिंतीला उभा करून ठेवला होता.

एप्रिल ते सप्टेंबर मी हे पाहत राहिलो. सोलापूर, बिदर, नांदेड, खांडवा. प्रत्येक गावी जेवणाआधी मी फोन उघडायचो आणि त्या बाई मला दिवसातून चार-पाच वेळा हात दाखवायच्या. जेवण जायचं नाही. मला वाटायचं, माणूस चोरी करून वर आपल्यालाच टोमणा मारतोय.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी इंदूरला पोहोचलो. तिथल्या एका गिऱ्हाइकाचा निरोप ऑर्डरच्या फोनवर आला. या निवृत्त शिक्षिका, आमच्याकडून सुरुवातीपासून तांदूळ घेणाऱ्या. निरोप असा होता : 'वहिनी, राग मानू नका. ही दुसरी पिशवी बरोब्बर पाच किलो भरली. जूनची पण तशीच होती. आमच्याकडून काही चुकलं का? की तुमची तब्येत बरी नाही?'

मी तो चार वेळा वाचला. माल बरोबर वजनाचा आला म्हणून तक्रार करणारं गिऱ्हाईक मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. 'पाठवते', 'बघते' यातलं काही लिहिता येईना. पत्ता माझ्या वहीत होता. रिक्षा केली.

त्यांनी दार उघडलं. मी कोण ते सांगितलं. त्या आनंदाने म्हणाल्या, "अरे वा, या ना! वहिनींनी सांगितलं नाही तुम्ही येणार म्हणून. परवाच तर बोलणं झालं आमचं."

मी चप्पल काढली, बसलो, पाणी घेतलं. मग सांगितलं की ती गेली. कधी गेली तेही सांगितलं.

त्यांनी माझा पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग विचारलं, "मग गणपतीत मला मोदकाच्या पिठीला कोणता तांदूळ घेऊ ते सांगितलं, ते कोणी?"

"मी."

"आणि माझ्या गुडघ्याला ते तेल?"

"तिच्या वहीत लिहिलेलं होतं. मी पाहून सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर काढून घेतली. त्या रागावल्या नाहीत. पदर थोडा घट्ट ओढून घेतला फक्त, एखादी खिडकी उघडी राहिली असावी तसा.

विषय बदलायचा म्हणून मी वजनाचं विचारलं. त्यांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी मोजून खायला सांगितल्यापासून घरात छोटा काटा आणि शेजारी वही. येणारी प्रत्येक वस्तू त्या मोजून लिहितात. वही त्यांनी माझ्यासमोर ठेवली. आमच्या पिशव्यांची वेगळी ओळ होती. पाच किलो बासष्ट ग्रॅम. पाच अठ्ठावन्न. पाच एकसष्ट. पाच साठ. अशी पाच वर्षांची. बायको गेली त्यानंतरच्या पिशव्याही त्यात होत्या, त्याही तशाच. मग या जूनची : पाच किलो शून्य. सप्टेंबरची : पाच किलो शून्य.

"मला वाटायचं तुमच्याकडची पद्धत असेल," त्या म्हणाल्या. "ती पिशवी आली की मी ते वरचे साठ ग्रॅम आधी काढून ठेवायची. म्हणजे रोजच्या मापात यायचे नाहीत. त्याचा एक दिवस भात करायची, डॉक्टरला न सांगता."

मी तिथेच, त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर, भागाकार केला. एकाहत्तर किलो भागिले अकराशे ऐंशी पिशव्या. साठ ग्रॅम. एक मूठ.

तेव्हा मला आठवलं ते इतकं साधं होतं की आठवायला लागावं याची लाज वाटली. काम वाढलं त्या वर्षी मी बायकोला मूठ टाकताना पाहिलं होतं. काटा पाच किलो दाखवतोय, ती पिशवी उतरवते, आणि हात आत वळवून वरून एक मूठ सोडते. मी म्हणालो होतो, हे काय? ती म्हणाली, आमच्या माहेरी पायलीनं मोजतात, पायली कधी सपाट देत नाहीत, वर शीग असते. घरातून जाणारं धान्य सपाट जाऊ नये. काट्याले शीग नसते, म्हणून मूठ. मी तिला वर्षाला सत्तर किलो होतात हे कागदावर मांडून दाखवलं. हो, हा भागाकार मी तेव्हा केला होता, उलट्या बाजूने. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "बरं. बंद करते." पुढे प्रत्येक मार्चला मेळ जुळला, म्हणून मी समजलो की बंद झालं.

मग मेळ जुळला कसा, हे मला इंदूरहून नागपूरच्या गाडीत बसूनही सुटेना.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी मूलला उतरलो. दीड वर्षाने. कुलूप काढून समोरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि खिशात फोन थरथरला. काढून पाहिला. व्यक्ती दिसली. पडद्यावर एक माणूस पाठमोरा उभा होता, डोक्यावरचे केस विरळ, हातात पिशवी. तो हलेना, म्हणून मीही थोडा वेळ हललो नाही. मग स्टूल घेऊन कॅमेरा काढला.

बाई दहा वाजता आल्या. मला पाहून दारातच थांबल्या.

"आले काय भाऊ. चहा घेतला?"

"बाई, ती मूठ होती," मी म्हणालो.

त्या आत आल्या, सूप खाली घेतलं, बसल्या. "समजलं काय? कोण सांगतलं?"

"इंदूरच्या बाईंनी. तुम्ही का नाही सांगितलं?"

"वहिनीनं शब्द घेतलता. म्हणे, भाऊले सांगू नोको, थे कागद काढतेत."

"ती गेल्यावर तरी सांगायचं. मी चोर म्हटलं तुम्हाला, चारचौघांत."

"सांगतलं असतं त तुमी तिच्यावर रागावले असते. आता थे कुठी हाये उत्तर द्याले? मी हाव. मले बोलले त मी आयकून घेतलं."

मी विचारलं, "पण सहा वर्षं मेळ कसा बसला?"

हा प्रश्न ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "खरंच नाई समजलं? तुमी घरखर्चाले साल भराचा एक क्विंटल लिहीत होते ना वहीत?"

लिहीत होतो. घरखर्च, तांदूळ, एक क्विंटल. दर वर्षी.

"थो घरी कुठी शिजला? थोच मुठीत गेला. पाहुणे आले त उरलेला काढे. बाकी साल भर कणी शिजे तुमच्या घरी. निवडलेली कणी. तुमी खाल्ली सहा साल, आन एकदा बी इचारलं नाई का भात असा बारीक काऊन."

मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, माझे दात दुखतात, मऊ भात बरा. दातांच्या डॉक्टरकडे नेऊ का म्हणालो, तर नको म्हणाली.

मी घरी जेवत होतो तोवर घरखर्चाचा क्विंटल निघत होता आणि मूठ त्यात लपत होती. मी निघून गेलो, घरखर्च शून्य झाला, आणि मूठ उघडी पडली. बाई म्हणाल्या, "तुमी नसल्यावर थो क्विंटल कुठून आणू? मले वाटलं, भाऊ एवढे हिशोबाचे, समजून घेतीन."

"मग आता परत टाका मूठ," मी म्हणालो.

"नाई जी. आता माह्या हातानं नाई पडत." त्यांनी पिशवी काट्यावर ठेवली. "आन थे सोडा. पेटीचं काय करता?"

कसली पेटी ते मला ठाऊक नव्हतं. वस्तीत दहा बायकांचा बचत गट आहे. त्याची पेटी आणि किल्ली चार वर्षं बाईंच्या घरी असायची. मुनीमजींच्या घरच्याही त्याच गटात. मार्चमधला तो फोन झाला त्याच आठवड्याच्या बैठकीत पेटी उचलून दुसरीकडे नेली. कुणी काही बोललं नाही. फक्त म्हणाल्या, तुमच्या घरी जागा कमी हाये. बाई त्या बैठकीला पुढेही जात राहिल्या, आपले शंभर रुपये भरत राहिल्या, आणि मागे बसत राहिल्या.

मला पाचशे रुपये दिसत होते. पेटी मला हुबळीहून दिसत नव्हती.

त्याच शनिवारी मी बैठकीला गेलो. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, समाजमंदिराच्या ओट्यावर दहा बायका आणि मी. मी उभा राहून सगळं सांगितलं, आकड्यांसकट. मूठ, क्विंटल, कणी. बायकोने सहा वर्षं लपवलेलं मी दहा बायकांसमोर उघडं करत होतो, पण दुसरा रस्ता नव्हता.

एक म्हातारी म्हणाली, "फोनमधी बसून चोर धरला, आता ओट्यावर उभा राहून सोडता काय जी भाऊ?"

दुसरी म्हणाली, "कणी खाल्ली म्हणे सहा साल. म्हणून असे दिसून राह्यले."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. मग गटाच्या अध्यक्षा, वयाने तरुण पण आवाज कडक, म्हणाल्या, "भाऊ, तुमचं आयकलं. लिहूनबी घेतलं. पण पेटी त ठराव करून नेली, ठरावानंच येईल. पुढच्या सालात पाहू."

"चूक माझी आहे, त्यांची नाही," मी म्हणालो.

"थे खरं. पण सहा मयने आमी बी तसंच समजलो ना. आता आमाले बी जरा वेळ लागंन."

परतताना मी बाईंच्या मागून चालत होतो. पाळीवर दोघांत दहा-बारा पावलांचं अंतर होतं. त्यांनी मागे न पाहता सांगितलं की दिवाळीच्या ऑर्डरी त्या पुऱ्या करून देतील आणि मग गिरणीत निवडणीच्या कामाला जातील. तिथे पाचशे कमी मिळतात. मी पगार वाढवतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "पगाराचं नाई जी. त्या खोलीत वहिनी बसलेली दिसे तवर मले काई वाटत नव्हतं. आता तिथी बसलं का तुमी वरून पाह्यता असं वाटते. कॅमेरा काढला त बी वाटते."

दिवाळीपर्यंत त्यांनी दोनशे दहा पिशव्या भरल्या. बरोबर पाच किलो. मी घरातच होतो, पण त्या भरत असताना त्या खोलीत गेलो नाही. या काळात मी ऑर्डरच्या फोनवर एकेका गिऱ्हाइकाला खरं लिहिलं. एकशे छत्तीस जणांना. काहींनी उत्तर दिलं, काहींनी दिलं नाही, काहींनी तांदूळ बंद केला. इंदूरच्या शिक्षिकांनी एक पिशवी मागवली. मी लिहिलं, पाठवतो.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी त्याच तिघांना समोरच्या खोलीत बोलावलं. या वेळी मी खाली सतरंजीवर बसलो होतो. मुनीमजींना आधी सांगितलं की एकाहत्तर किलोची तूट चुकीची होती, ते वजन माझ्या घरखर्चाचं आहे. ते म्हणाले, "भाऊ, वजन त मी बरोबरच केलतं," आणि मी म्हणालो, वजन बरोबरच होतं. बाईंचे पती म्हणाले, "मी तेव्हाच म्हणलो होतो, सांगून टाक," आणि बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

चार हजार एकशे अठरा रुपये मी माझ्या खिशातून धंद्याच्या खात्यात भरले आणि घरखर्च म्हणून माझ्या नावे लिहिले. बाईंच्या पगारातून एप्रिल ते सप्टेंबर कापलेले तीन हजार आणि ऑक्टोबरचा पूर्ण पगार सहा हजार, असे नऊ हजार रुपये रोख त्यांच्या हातात दिले. त्यांनी दोनदा मोजले, वहीत आजवरच्या अंगठ्याऐवजी सही केली, आणि नोटा पदराच्या टोकाला बांधून नवऱ्याबरोबर निघून गेल्या.